ब्रेकचा लाल दिवा मधूनच लागतोय: गाडी इलेक्ट्रिशियनकडे न्यावी की ब्रेकवाल्याकडे?

गोलात उद्गारचिन्ह असलेला तो लाल दिवा बहुतेक जुन्या गाड्यांत दोन स्विचवर चालतो. एक हँडब्रेकच्या दांड्याखाली आणि दुसरा बोनेटखाली, ब्रेक ऑइलच्या डबीतल्या फ्लोटला (ऑइलवर तरंगणाऱ्या तुकड्याला) जोडलेला. पहिल्यात बिघाड असेल तर काम इलेक्ट्रिशियनचं, दुसऱ्याने दिवा लागत असेल तर बहुधा ब्रेकवाल्याचं. कुठे जायचं ते ठरवण्याआधी दिवा नेमका कधी लागतो ते बघा.

खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर लुकलुकत असेल, तर संशय हँडब्रेकवर घ्यावा. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा, किल्ली फिरवून ठेवा आणि पूर्ण खाली केलेला दांडा बोटाने जेमतेम उचला. तेवढ्यानेच दिवा लागत-विझत असेल, तर स्विचची पट्टी वाकलेली असते किंवा तिथे धूळ साचलेली असते. काम किरकोळ आहे. फक्त दांडा खरोखर पूर्ण खाली बसतो ना, ते बघा. केबल अडकली असेल तर मागचे ब्रेक घासत राहतात आणि ड्रम तापतात.

वळणावर, उतारावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर लागून सरळ रस्त्यावर विझणारा दिवा वेगळा. डबीतलं ऑइल कमी झालं की ते एका बाजूला सरकतं, फ्लोट खाली बसतो. आमच्या २००७च्या गाडीत हे पहिल्यांदा आंबा घाट उतरताना दिसलं. दर डाव्या वळणाला क्षणभर दिवा, पुढे काही नाही. साखरप्याला थांबून बोनेट उघडलं, तर ऑइल ‘मिन’च्या रेघेला टेकलेलं.

गॅरेजवाल्याने ऑइल भरून दिलं, दिवा गेला आणि मीही निश्चिंत झालो. चूक तिथेच झाली. चाकाची डिस्क दाबणारे पॅड झिजले की त्यांना ढकलणारे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि ती जागा भरायला डबीतलं ऑइल खाली उतरतं. म्हणजे दिवा पॅड संपत आल्याचं सांगत होता आणि आम्ही त्याचं तोंड बंद केलं. तीन महिन्यांनी पुढच्या चाकातून लोखंड घासल्याचा आवाज आला, डिस्कवर चरे पडले होते. नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलले, तर वर भरलेलं ऑइल डबीतून उतू जाऊन खालचा रंग उडाला.

म्हणून ऑइल कमी दिसलं तर आधी पॅड आणि मागच्या ड्रममधले लायनर बघून घ्या. ते जाड असूनही ऑइल घटत असेल, तर गळती आहे. मागच्या टायरची आतली बाजू ओली आहे का, ते हात फिरवून बघा, चाकातले लायनर ढकलणारा व्हील सिलिंडर बहुधा तिथेच गळतो. बाहेर काहीच दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा) आतल्या आत बूस्टरमध्ये, म्हणजे पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्यात, गळत असू शकतो. पेडल मऊ लागत असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

आणि डबीच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल भरा. डॉट ३ आणि डॉट ४ हे ऑइलचे प्रकार एकमेकांत चालतात, सिलिकॉनचं डॉट ५ मात्र अजिबात मिसळू नये. डॉट ३ आणि डॉट ४ ऑइल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे अर्धी उरलेली जुनी बाटली वापरू नका.

पातळी बरोबर, पॅड जाड, हँडब्रेकही निर्दोष, तरी दिवा लागतोच? डबीचा कनेक्टर काढून बघा. बहुतेक जुन्या गाड्यांत दिवा तेवढ्याने विझला, तर फ्लोट अडकलाय. नाही विझला, तर हँडब्रेकच्या बाजूची वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. दिवा कुठल्या बाजूने लागतोय ते कळलं की कनेक्टर लगेच परत लावा. पावसाळ्यानंतर त्याच्या पिना हिरवट झालेल्या दिसल्या, तर त्या साफ करून घ्या. एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवाही सोबत लागत असेल, तर मात्र गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजलाच जा.