सर्नचं ओपन डेटा पोर्टल: क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्माच्या प्रोजेक्टला कितपत पुरतं?

कलिन्याला मुंबई विद्यापीठात असा की उपनगरातल्या एखाद्या कॉलेजात, एमएस्सीच्या प्रोजेक्टला ‘क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा’ (प्रचंड तापमानाला प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून होणारं क्वार्क आणि ग्लुऑनचं माध्यम) घेतला की गाडी हमखास सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या खुल्या डेटाच्या या पोर्टलवर येते. २०१४ पासून चालू आहे, फुकट आहे, नावनोंदणी लागत नाही. म्यूऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाच्या) जोडीचं वस्तुमान काढायला शिकायचं असेल तर डोळे झाकून घ्या. प्लाझ्माचं तापमान मोजायचं असेल तर थांबा.

सर्नमधल्या सीएमएस प्रयोगाची २०१२ सालची, फक्त म्यूऑन ठेवून छाटलेली फाइल जेमतेम २ जीबीची आहे आणि तिच्यात ६ कोटी १५ लाख टकरी आहेत. रूट या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधलं आरडेटाफ्रेम हे साधन ती साध्या लॅपटॉपवर चाळतं. पायथनची अपरूट ही लायब्ररी वापरत असाल तर तुकड्यातुकड्यानं वाचा. सगळं एकदम मेमरीत ओढलंत की ८ जीबीचा लॅपटॉप मान टाकतो. निवड सोपी: नेमके दोन म्यूऑन, भार विरुद्ध.

चूक होते ती सूत्रात. आडवे (झोताला काटकोनातले) संवेग, कॉश आणि कॉस असलेलं जे सुटसुटीत सूत्र सगळे वापरतात, ते म्यूऑनचं स्वतःचं वस्तुमान शून्य धरतं. जे-साय या कणाला, म्हणजे ३०९७ एमईव्हीला (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट; हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही), त्यानं साताठ एमईव्हीचाच फरक पडतो. १०१९ चा फाय कण मात्र निदान २० एमईव्हीनं खाली घसरतो, आणि मग कुणीतरी त्यात ‘माध्यमाचा’, म्हणजे प्लाझ्माचा, ‘परिणाम’ शोधत बसतं. प्रोटॉन-प्रोटॉनच्या डेटात! १०५.७ एमईव्ही घालून पूर्ण फोर-व्हेक्टर (ऊर्जा आणि संवेग मिळून) बेरीज करा. बिन (आलेखातले रकाने) १ जीईव्हीचे ठेवलेत तर जे-साय दिसणारच नाही. बारीक बिन आणि दोन्ही अक्ष लॉग हवेत. ३० जीईव्हीजवळचा फुगवटा ट्रिगरमुळे (कुठल्या टकरी नोंदवायच्या ते ठरवणाऱ्या चाळणीमुळे) आलेला आहे, नवा कण नाही.

आता तापमान. फोटॉन आणि लेप्टॉन (म्यूऑन त्यांतलाच) तीव्र बलाला दाद देत नाहीत, म्हणून तप्त गोळ्यातून जसेच्या तसे बाहेर पडतात. सगळी मदार त्यावरच. पण गोळ्याच्या उष्णतेतून निघालेले हे औष्णिक म्यूऑन मंद असतात. सीएमएसचं चुंबक ३.८ टेस्लाचं आहे, आणि मधल्या भागात साधारण ३ जीईव्हीपेक्षा कमी आडवा संवेग असलेला म्यूऑन बाहेरच्या कक्षांपर्यंत पोचतच नाही. हवा तो संकेत उपकरणातच गळून जातो, तुमचा कोड कितीही चांगला असो. सर्नच्याच एनए६० प्रयोगाला हे जमलं, कारण तिथे स्थिर लक्ष्यावर इंडियमचा झोत होता आणि म्यूऑनना पुढच्या दिशेनं आयता वेग मिळत होता. त्यांच्या वस्तुमान-वर्णपटातून सुमारे २०५ एमईव्ही तापमान निघालं, आणि वस्तुमानाला गोळ्याच्या फुगण्याचा संसर्ग लागत नाही. फोटॉनच्या संवेगाला तो लागतो. अमेरिकेतल्या फेनिक्स प्रयोगाचा फोटॉनच्या वर्णपटातला २२१ एमईव्हीचा उतार म्हणूनच थेट तापमान समजून लिहू नये. शिवाय फोटॉनमध्ये पायॉनच्या क्षयातून आलेल्यांची गर्दी वेगळीच.

मग पोर्टलवर प्लाझ्माचं काय करावं? उप्सिलॉन, म्हणजे बॉटम क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क यांची जोडी; प्लाझ्मात ती सुटी होते, सैल बांधलेली आधी. सीएमएसचा २०१० आणि २०११ चा शिसं-शिसं डेटा, २.७६ टीईव्हीचा, इथे आहे. प्रत्येक म्यूऑनला ४ जीईव्हीची अट, वस्तुमान ७ ते १४ जीईव्ही, बिन ०.१ चे. ९.४६ चं शिखर टिकतं, १०.०२ आणि १०.३६ ची सैल बांधलेली भावंडं, प्रोटॉन-प्रोटॉनच्या तुलनेत, पार खचतात. पार्श्वभूमीसाठी समान भाराच्या जोड्या घ्या: धन-धन आणि ऋण-ऋण संख्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, दुप्पट.

इथे मात्र आयती फाइल मिळत नाही. जुनं सीएमएस सॉफ्टवेअर डॉकरमध्ये (जुनं वातावरण जसंच्या तसं उभं करणाऱ्या साधनात) चालवावं लागतं. एक-दोन फायलींत उप्सिलॉन हाताला लागत नाहीत, आणि दुसऱ्याच ट्रिगरचा संच उचललात तर अख्खं सत्र वाया. फायली दुरूनच वाचणार असाल तर कॉलेजच्या फायरवॉलमध्ये १०९४ पोर्ट उघडं आहे का ते आधी विचारा. नसेल तर एचटीटीपीनं उतरवा. अडलात तर मुंबईत विचारायला जागा आहेत: कुलाब्याची टीआयएफआर सीएमएसमध्ये आहे, पवईची आयआयटी सर्नच्याच ॲलिस प्रयोगात.