अल्टरनेटरची पुली: घरी बदलावी, इलेक्ट्रिशियनकडे न्यावी की गाडी गॅरेजला सोडावी?

गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, बॉनेटखालून कटकट येते आहे आणि मेकॅनिकने सांगून टाकलं आहे की अल्टरनेटरची पुली गेली. अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र, आणि पुली म्हणजे बेल्ट ज्यावरून फिरतो ते त्याचं चाक. आता ती घरच्या पोर्चमध्ये स्वतः बदलायची, अल्टरनेटर उतरवून ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टेबलावर न्यायचा, की अख्खी गाडीच गॅरेजला सोडायची? गोव्यात तिन्ही गोष्टी होऊ शकतात. माझं मत आधीच सांगतो. वॉरंटी संपलेल्या, काही पावसाळे काढलेल्या डिझेल गाडीसाठी मधला मार्ग बहुतेकांना सगळ्यात सोयीचा. सगळं घरीच करायचं असेल तर आधी एकच बघायचं: पुलीसमोर जागा किती आहे. हाताला सवय किती, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

आधी पुली कुठली ते बघा

पेट्रोलच्या लहान गाड्यांत बहुधा साधी, सॉलिड पुली असते. समोर षटकोनी नट दिसतो. या पुलीत बिघडण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं; खाचा झिजल्या किंवा पुली वाकली तरच ती बदलायची वेळ येते. पेट्रोल गाडीत आवाज येत असेल तर संशय आधी बेल्टवर आणि अल्टरनेटरच्या बेअरिंगवर घ्या, पुलीवर नंतर.

डिझेलचं तसं नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या (बेल्ट फिरवणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. म्हणजे ८०० आरपीएमवर इंजिन नुसतं उभं चालत असलं तरी सेकंदाला २६-२७ वेळा क्रँकला धक्का बसतो आणि दोन धक्क्यांच्या मध्ये तो किंचित मंदावतो. अल्टरनेटरचा रोटर (आतला फिरणारा भाग) जड, वर क्रँकच्या अडीच-तीन पट वेगाने फिरणारा. क्रँक मंदावला तरी तो मंदावायला तयार नसतो, आणि ही सगळी ओढाताण बेल्टला सोसावी लागते. म्हणून बऱ्याच डिझेल गाड्यांत सायकलच्या फ्रीव्हीलसारखी एका दिशेने पकडणारी आणि दुसऱ्या दिशेने मोकळी फिरणारी पुली बसवतात. तिच्यात दोन प्रकार. ओएपी (ओव्हररनिंग अल्टरनेटर पुली) म्हणजे नुसता एकेरी क्लच, म्हणजे एकाच दिशेने पकडणारी यंत्रणा. ओएडी (ओव्हररनिंग अल्टरनेटर डीकपलर) म्हणजे क्लचसोबत आत स्प्रिंग, ती धक्काही पचवते. दोन्हींच्या तोंडावर बहुतेक प्लास्टिकची टोपी असते. टोपी दिसली की समजायचं, नेहमीच्या पान्याने काम होणार नाही.

ही टोपी शोभेची नाही, हे गोव्यात तर पक्कं लक्षात ठेवायला हवं. जून ते सप्टेंबर रस्त्यावरचं पाणी चाकाच्या कमानीतून थेट बेल्टवर उडतं. किनाऱ्याच्या बाजूला हवेत मीठ, आणि डिचोली, साखळी, सावर्डे, कुडचडे या खाणपट्ट्यात तांबडी बारीक धूळ. टोपी नसेल तर हे सगळं क्लचच्या आत जातं. कुणी कधी पुली उघडून बघितली आणि टोपी परत बसवलीच नाही, अशा गाड्या दिसतात. टॉर्च मारून बघा: टोपी गायब असेल किंवा पुलीच्या तोंडाभोवती गंजासारखी तपकिरी पूड जमली असेल, तर पुलीवरचा संशय बळावतो.

दोष पुलीचाच आहे ना?

पुली बदलणं त्या मानाने सोपं. ती पुलीच आहे हे ठरवणं अवघड, आणि पैसे फुकट जातात ते इथेच.

पहिली परीक्षा कानाची. चोडणला जायला रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत इंजिन बंद करतो, तेव्हा काच खाली करून ऐका. इंजिन थांबल्यावर रोटर क्षणभर फिरत राहतो, त्यात वावगं काही नाही. पण त्या क्षणात बेल्टच्या बाजूने कोरडी घरघर ऐकू आली, तर पुलीच्या आतलं बेअरिंग झिजलेलं असण्याची शक्यता मोठी.

दुसरी डोळ्यांची. इंजिन चालू ठेवून, हात आणि कपडे लांब ठेवून बेल्टच्या टेन्शनरकडे (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाकडे) बघा. पुली ठीक असेल तर त्याचा दांडा जवळपास स्थिर असतो. क्लच जाम झाला असेल तर दांडा थडथडताना डोळ्यांना दिसतो आणि बेल्टचा लांब पट्टा फडफडतो. मात्र टेन्शनर स्वतः गेला असला तरी हेच दिसतं, म्हणून तिसरी परीक्षा हवीच.

तिसरी हाताची. इंजिन बंद, बेल्ट उतरवलेला, टोपी काढलेली. शाफ्टमध्ये (पुली ज्यावर बसते त्या अल्टरनेटरच्या दांड्यात) बिट, म्हणजे पान्याचं टोक, घालून शाफ्ट घट्ट धरा आणि पुली बोटांनी फिरवा. एका दिशेने मोकळी, दुसऱ्या दिशेने लगेच पकडते, तर ओएपी ठीक. पकडताना स्प्रिंगचा ताण जाणवतो, तर ओएडी ठीक. दोन्ही दिशांना घट्ट म्हणजे क्लच जाम. दोन्ही दिशांना मोकळी म्हणजे क्लच पकडतच नाही, आणि मग बॅटरी चार्ज होणार नाही. आता शाफ्ट सोडून रोटर फिरवून बघा. त्यात खरखर लागली तर अल्टरनेटरचं बेअरिंग गेलं आहे, आणि एकटी पुली बदलून उपयोग नाही.

मल्टिमीटर असेल तर बॅटरीवर लावा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे आकडा थोडा खाली-वर होतो. बॅटरीचा दिवा लागतो पण पुली नीट पकडते आहे, असं असेल तर दोष ब्रश (रोटरला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) यांच्याकडे शोधायचा.

घरी करायचं तर

सॉलिड पुलीचा नट इम्पॅक्ट गनने चुटकीसरशी निघतो. क्लचच्या पुलीचं बाहेरचं कडं मोकळं फिरतं, त्यामुळे ते पकडून काहीच साधत नाही. आतल्या भागासाठी बहुधा ३३ दात्यांचं सॉकेट लागतं आणि शाफ्ट धरायला गाडीप्रमाणे टी-५० टॉर्क्स किंवा एम-१० बारा टोकांचं बिट. पंचवीस नगांचा संच घेण्यापेक्षा आपल्या पुलीला लागतं तेवढंच सॉकेट आणि बिट घ्या, पण चांगल्या पोलादाचं घ्या. हलकं बिट शाफ्टच्या तोंडात फिरलं आणि तिथल्या कडा गेल्या, तर पुढचं काम इलेक्ट्रिशियनलाही जड जातं.

क्रम असा: बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायची, कारण अल्टरनेटरच्या जाड तारेत गाडी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो. बेल्ट कुठून कसा फिरतो त्याचा फोटो काढायचा. टेन्शनर रिंग-पान्याने वळवून बेल्ट सोडवायचा. मग शाफ्ट धरून पुली सोडायची. आटे बहुतेक सरळ असतात, पण काही पुल्यांना उलटे आटे असतात. जोर लावण्याआधी नव्या पुलीचे आटे बघून घ्या. परत आवळताना टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराएवढंच आवळू देणारा पाना) हवाच. आकडा बऱ्याच गाड्यांत ८० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, तरी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरायचा.

आता जागेचं. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत पुली आणि बॉडीच्या मध्ये कधी हात जातो पण सॉकेट जात नाही. नवं सॉकेट मागवण्याआधी जुन्या सॉकेटला बिट लावून तेवढी लांबी पुलीसमोर धरून बघा. ती बसत असेल तर काम घरीच करा: दीड-दोन तासांत उरकतं, मजुरी वाचते आणि आपल्या गाडीत काय बसलं हे आपल्या डोळ्यांसमोर असतं. खालून हात घालावा लागणार असेल, तर चिऱ्यांच्या उतरत्या अंगणात गाडी नुसत्या जॅकवर उचलून आत शिरू नका. सपाट काँक्रीट, जॅक स्टँड, मागच्या चाकांना दगड, हे नसेल तर घरचा पर्याय मी बादच करतो. पर्वरी-वास्कोच्या सोसायट्यांतल्या स्टिल्ट पार्किंगमध्ये जमीन सपाट मिळते, पण तिथे असं काम चालेल का ते आधी विचारून घ्यावं लागतं.

अल्टरनेटर हातात घेऊन इलेक्ट्रिशियनकडे

मला हा मार्ग आवडतो. अल्टरनेटर दोन-तीन बोल्ट, एक जाड तार आणि एका कपलरवर बसलेला असतो. आपल्याकडे त्रास देतात ते बोल्टच. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये, वर खारी हवा. दोन पावसाळ्यांत ते एकमेकांना चिकटून बसतात. आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवा आणि सकाळी हळूहळू, पुढे-मागे करत सोडा.

म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को इथे स्टार्टर आणि डायनॅमोचं काम करणाऱ्यांची छोटी दुकानं आहेत. बरेच जुने कारागीर अल्टरनेटरला अजून डायनॅमोच म्हणतात. अल्टरनेटर वाइसमध्ये बसवला की पुली काढणं त्यांना दोन मिनिटांचं काम. खरा फायदा त्याच्या पुढचा. पुढचं-मागचं बेअरिंग, ब्रशची उरलेली लांबी, स्लिप रिंगवरची (ब्रश जिच्यावर घासतात त्या कड्यावरची) चर, सगळं त्याच टेबलावर तपासून मिळतं. गाडी लाखभर किलोमीटर चालली असेल तर पुलीसोबत बेअरिंग आणि ब्रशही बदलून घ्यायला सांगा. गाडीतच पुली बदलून ही तपासणी होत नाही, आणि सहा महिन्यांनी बेअरिंगसाठी तेच बोल्ट परत सोडावे लागतात.

इथे एका ठिकाणी मात्र ठाम राहायला लागतं. ‘बाब, सॉलिड पुली घालतो, परत कटकट नाही’ असा सल्ला प्रेमाने मिळतो. सॉलिड पुली स्वस्त असते, लगेच मिळते आणि गाडी चालतेही. पण इंजिनाचा प्रत्येक हिसका मग बेल्टवर, टेन्शनरवर आणि त्याच बेल्टवरच्या बाकी पुल्यांवर जातो. ज्या गाडीला कंपनीने क्लच दिला आहे तिला क्लचच हवा. ओएडीच्या जागी ओएपी घालणंही मी टाळतो. टेन्शनरची रचना मूळ पुली धरून केलेली असते.

गॅरेजला सोडायची तर

गाडी वॉरंटीत असेल तर विचारच नको, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. बेल्ट, टेन्शनर आणि पुली तिन्ही एकदम करायची असतील तरी लिफ्ट असलेलं गॅरेज बरं. अडचण एवढीच की बऱ्याच ठिकाणी सुटी पुली बदलत नाहीत, पूर्ण अल्टरनेटरचाच हिशोब देतात. पुली काही हजारांत येते. नवा ओरिजिनल अल्टरनेटर तिच्या कितीतरी पट. गाडी सोडण्याआधी स्पष्ट विचारा: सुटी पुली लावणार का, जुनी परत देणार का, नवी टोपी बसवणार का.

सुटा भाग

पुलीचा नंबर गाडीच्या मॉडेलवरून नव्हे, अल्टरनेटरवरच्या स्टिकरवरून काढा. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या कंपन्यांचे अल्टरनेटर येतात आणि खाचांची संख्या, शाफ्टचे आटे, पुलीची खोली यात फरक पडतो. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या तरी रस्त्यावर त्या भरपूर आहेत, त्यामुळे चांगल्या कंपनीची पुली मिळत नाही असं सहसा होत नाही. दुकानात तयार नसली तर मागवावी लागते इतकंच. चतुर्थीच्या आसपास दुकानं बंद असतात, पार्सलं रेंगाळतात. पुली हातात आल्याशिवाय गाडी उघडू नका.

तोपर्यंत गाडी चालवावी का? नुसती कटकट असेल आणि चार्जिंग व्यवस्थित असेल तर बाजार, ऑफिस, शाळा एवढं चालेल. पावसात रात्री चोर्ला घाट उतरून बेळगावहून येणं, हे नको. दिवे, वायपर, ब्लोअर सगळं एकदम चालू असतं, आणि बेल्ट निसटला तर बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंप आणि पॉवर स्टिअरिंगही असतं. इंजिन तापायला मग वेळ लागत नाही. पुली दोन्ही दिशांना मोकळी फिरत असेल तर गाडी फक्त बॅटरीवर चालली आहे. ती हलवायचीच नाही, अल्टरनेटर उतरवून बसने न्यायचा.