बॉयलर कव्हर की ओळखीचा बॉयलरवाला?

इंग्लंडात घर घेतलेल्या आपल्या मंडळींचा थंडी सुरू झाली की एक प्रश्न ठरलेला असतो. घर आणि पाणी तापवणाऱ्या बॉयलरचं कव्हर, म्हणजे दरमहा पैसे भरून दुरुस्तीची हमी, घ्यावं, का बिघडला की कुणाला तरी बोलवावं? मी स्लाऊला तीन वर्षं कव्हर भरलं आणि आता तीन वर्षं एकाच स्थानिक माणसाकडून काम करून घेतोय. तेवढ्याच शिदोरीवर लिहितोय.

बॉयलर अजून कंपनीच्या वॉरंटीत असेल तर या भानगडीत पडूच नका. दरवर्षी सर्व्हिस करून घ्या, तिची नोंद जपून ठेवा, नाहीतर वॉरंटी हातची जाते. बिघडला तर बनवणाऱ्यांनाच फोन करा. आणि गॅसचा वास आला तर कव्हरवालाही नको, ओळखीचाही नको. बाहेर पडा आणि 0800 111 999 लावा.

आता माझी गोष्ट. त्या जानेवारीत आई सांगलीहून आली होती. घरात शाल, कानटोपी, वर माझा जाड कोट अशी सोफ्यावर बसलेली. बॉयलर प्रेशर सोडत होता. प्रेशरचा काटा 0.5 बारच्या खाली गेला की सगळं बंद. आई विचारायची, ‘‘बंब आज पण विझला का रे?’’

कव्हर होतंच, फोन केला. दुसऱ्या दिवशी आठ ते एकच्या मध्ये माणूस येणार. आला, खालचा फिलिंग लूप, म्हणजे पाणी भरायची नळी, उघडून काटा 1.5 वर नेला आणि पाच मिनिटांत गेला. आठवड्याने पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा फोन, पुन्हा आठ ते एक, पुन्हा नवा माणूस. त्याने बाहेरच्या तांब्याच्या पाइपातून पाणी ठिबकतंय हे पाहिलं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला. दहा दिवसांनी तिसरा. तो म्हणाला, जमिनीखाली पाइप गळत असणार, शिवाय रेडिएटर खालून गार आहेत म्हणजे आत गाळ आहे, आणि गाळ तुमच्या कव्हरमध्ये येत नाही. पॉवरफ्लशचे, म्हणजे जोराच्या पाण्याने गाळ धुऊन काढायचे, वेगळे सहाशे पौंड.

माणसं वाईट नव्हती, कामही येत होतं त्यांना. पण तिघांनीही दारात उभं राहून एकच विचारलं, ‘‘बोला, काय प्रॉब्लेम आहे?’’ आधीच्याने काय केलं ते मी सांगायचं, तेही माझ्या अर्ध्याकच्च्या माहितीवर. केसपेपर हरवलेल्या पेशंटसारखी गत. माझं मन पैशांपेक्षा यानेच विटलं. थंडीत अर्धा दिवस ताटकळायचं आणि मग रामायण पहिल्या कांडापासून सुरू करायचं.

शेवटी शेजाऱ्यांनी त्यांचा माणूस दिला. त्याने बूट काढता काढता विचारलं, ‘‘हीटिंग चालू असताना काटा कुठे जातो?’’ तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. गरम झाल्यावर काटा तीनला टेकायचा आणि गार झाला की तळाला. पाणी तापलं की फुगतं, त्याला जागा द्यायला एक्स्पान्शन व्हेसलमध्ये हवा असते. ती हवा गेली की प्रेशर चढतं, तीन बारला सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडतो, आणि गार झाल्यावर तेवढं पाणी कमी पडतं. नवा व्हॉल्व्हसुद्धा बिचारा इमानाने तेच करत होता.

व्हेसलला मोटारीच्या टायरसारखा व्हॉल्व्ह असतो. त्याचं टोपण काढून त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आतली पिन दाबली. बारीकसा फुस्स आवाज, बस. पाणी आलं असतं तर आतला पडदा फाटलेला निघाला असता आणि नवा व्हेसल लागला असता. त्याने बॉयलरचं प्रेशर उतरवलं, गाडीतून पायपंप आणला, एक बारपर्यंत हवा भरली, मग पाणी. आई शेजारी उभी राहून बघत होती. ‘‘एवढंच? सायकलीत हवा भरतात तसं?’’ चाळीस मिनिटं, 85 पौंड. जाताना कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करने तारीख आणि काटा लिहून गेला.

पैशांचं म्हणाल तर कव्हर महिना 22 पौंड, वर दर फेरीला 60 एक्सेस, म्हणजे आपल्या खिशातून भरायचे. तीन वर्षांत तीन फेऱ्या धरून 972. या माणसाकडे तीन सर्व्हिसचे 270, हे 85, आणि मागच्या वर्षी गरम पाणी नळाकडे की रेडिएटरकडे वळवणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह गेला त्याचे 240. एकूण 595. पण पीसीबी, म्हणजे बॉयलरचं इलेक्ट्रॉनिक सर्किट, उडाला असता तर हाच हिशोब कदाचित उलटा लागला असता, हेही खरं. शिवाय आमच्याकडचं पाणी इतकं जड की किटली पांढरी होते. बॉयलरच्या आत साचलेला असाच क्षार बऱ्याच कव्हरमध्ये बसत नाही. बारीक अक्षरं आधी वाचा.

ओळखीच्या माणसाची खोडही सांगतो. फोन उचलत नाही. रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅप करतो. नाताळात दोन आठवडे गावाला जातो आणि नेमकं तेव्हाच आमचं हीटिंग बंद पडलं. बॉयलरमधून गुळण्या केल्यासारखा आवाज. मी रेकॉर्ड करून पाठवला. उत्तर आलं, ‘‘बाहेरचा प्लास्टिकचा पाइप गोठलाय. कोमट पाणी ओत, उकळतं नको. मग रीसेट.’’ वीस मिनिटांत चालू. परत आल्यावर त्याने बॉयलरमधलं साचपाणी बाहेर सोडणारा तो बारीक 21.5 मिलिमीटरचा पाइप काढून 32 चा टाकला. पण समजा ते साधं गोठणं नसतं, तर? कव्हरवाल्यांकडे त्या रात्री निदान फोन उचलणारं कुणीतरी असतं.

म्हणून घरात तान्हं मूल असेल, म्हातारं माणूस एकटं राहत असेल, किंवा एकदम चारशे पौंड काढणं जड जात असेल, तर मी कव्हरच घ्या म्हणेन. बाकीच्यांनी, माझं ऐकाल तर, माणूस शोधावा.

शोधताना गॅस सेफचं, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीचं, कार्ड मागायला लाजू नका. जुने लोक अजून कॉर्गी म्हणतात, पण ती नोंदणी जाऊन 1 एप्रिल 2009 पासून गॅस सेफ आलं. कार्ड उलटं करून पाहा, कोणत्या कामाची परवानगी आहे ते मागे लिहिलेलं असतं. आणि पहिली ओळख जानेवारीच्या कडाक्यात करू नका. ऑगस्ट-सप्टेंबरात सर्व्हिसला बोलवा, तेव्हा त्यालाही बोलायला वेळ असतो. ऑक्टोबरात सगळा गाव एकदम हीटिंग लावतो आणि सगळ्यांचे बॉयलर एकदमच रुसतात.

आमच्या कपाटाच्या दारावर आता सहा ओळी झाल्यात. मागच्या महिन्यात सर्व्हिसला आला तेव्हा त्याने मला काहीच विचारलं नाही. दार उघडलं, वाचलं आणि कामाला लागला.