प्रिंटिंग प्रॉडक्शन को-ऑर्डिनेटरचा कोर्स : आठ महिने वापरल्यानंतर

पुण्यातल्या एका खासगी संस्थेचा बारा आठवड्यांचा, शनिवार-रविवारचा कोर्स. नाव मुद्दाम देत नाही, कारण खालच्या बहुतेक तक्रारी अशा कुठल्याही छोट्या कोर्सला लागू पडतील. शिकलेलं आठ महिने रोजच्या पुस्तकछपाईत वापरून झालं, त्यावरून हे लिहितोय.

फी वसूल करून देणारा भाग म्हणजे कागदाचा हिशोब. लांबी गुणिले रुंदी इंचात, गुणिले जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), भागिले 3100, की 500 शीटच्या रिमचं वजन किलोत मिळतं. 23×36, 70 जीएसएमला 18.7 किलो. हे सूत्र कोणीही पाठ करतं. इथे त्यावरून आलेला माल काट्यावर तपासायची सवय लावली. 10 रिम 187 किलोच्या जागी 175 भरले, तर जीएसएम तरी कमी आहे नाहीतर शीटं तरी.

ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, हेही चांगलं शिकवलं. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करायचा. त्याची जी नळी वळते, तिच्या लांबीची दिशा हीच ग्रेनची. डेमी 1/8 (सुमारे साडेपाच गुणिले साडेआठ इंची) पुस्तकाला 23×36 शीटमध्ये ग्रेन 36 च्या बाजूने धावायला हवा, म्हणजे तो स्पाइनला (पुस्तकाच्या पाठीला) समांतर येतो. आडवा आला तर पानांना लाटा येतात आणि परफेक्ट बाइंडिंगचं (पाठीला गोंदाने चिकटवलेलं) पुस्तक नीट उघडत नाही. एक गोष्ट मात्र वर्गात निसटली. तीच शीट अर्धी करून 18×23 च्या मशीनवर घेतली की मशीनमनला ग्रेन 23 च्या बाजूने, सिलिंडरला समांतर हवा असतो. त्याचं आणि बाइंडरचं एकाच वेळी जमत नाही. एकरंगी मजकुराला सरळ बाइंडरचं ऐकावं.

आता मोठी तक्रार. सरावाचं उदाहरण होतं 160 पानी डेमी, 1000 प्रती. 16 पानांचे 10 फर्मे (दोन्ही बाजूंनी छापून घडी घातलेली एक शीट म्हणजे फर्मा), बाजूला एक अशा 20 प्लेटा, 20,000 इंप्रेशन (छाप). मशीन ताशी 6000 चालते, म्हणून सुमारे साडेतीन तास, असं उत्तर फळ्यावर लिहून दिलं. हे उत्तर कुठल्याच प्रेसमध्ये खरं ठरणार नाही. प्रत्येक प्लेटला 1000 शीट धावायला 10 मिनिटं लागतात, पण प्लेट चढवणं, रजिस्टर (छाप नेमक्या जागी बसणं) आणि शाई जुळवणं यात 20 मिनिटं सहज जातात. तीस गुणिले वीस, म्हणजे दहा तास. ग्राहकाला तारीख देताना हाच फरक गळ्याशी येतो. वेस्टेजचंही तसंच. 'सरसकट 5 टक्के' हा नियम 1000 प्रतींना फर्म्यामागे 50 शीट देतो. त्यात दोन्ही बाजूंचं मेकरेडी (छाप जुळेपर्यंत वाया जाणारी शीटं), फोल्डिंग आणि बाइंडिंगची तूट बसवायची, म्हणजे ओढाताण. 5000 प्रतींना तोच नियम 250 शीट देतो, त्यातली बरीच उरतात. फर्म्यामागे ठरावीक शीट अधिक एक-दोन टक्के असं धरलं की अंदाज जुळतो.

प्रीप्रेसच्या (छपाईआधी फाइल तयार करण्याच्या) तासांत देवनागरीचा मागमूस नव्हता, सगळ्या फाइली इंग्रजी. पुण्यात बसून हे कसं चालतं, कोण जाणे. जुन्या श्रीलिपी फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणला की 'ऱ्या' मोडतो, रफार शेजारच्या अक्षरावर जातो. प्लेट काढण्याआधी शेवटच्या पीडीएफमध्ये 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'कर्तृत्व' असे शब्द डोळ्यांनी शोधून पाहावेत. पीडीएफमधल्या सर्चवर विसंबू नये, तो देवनागरीत अनेकदा फसतो. दुसरी तपासणी अॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये : काळ्या प्लेटसमोरची टिकमार्कची खूण काढून टाकायची. पानावरचा मजकूर नाहीसा झाला तर ठीक. अक्षरं तपकिरी-करडी उरली, तर काळा रंग चार प्लेटांत वाटला गेलाय. 10 पॉइंटच्या अक्षराला रजिस्टर केसभर हललं तरी रंगीत कड येते. फाइल परत पाठवायची.

वाळण्याच्या वेळेवर एक तास होता, तो कामाचा होता. पावसाळ्यात दमट कागदावर शाई उशिरा वाळते, त्यात डॅम्पनिंगच्या (प्लेट ओली ठेवणाऱ्या) पाण्याचा पीएच साडेचारच्या खाली गेला की आणखी उशिरा. 4.8 ते 5.5 मध्ये ठेवायचा. दिवाळी अंकांच्या गर्दीत संध्याकाळी छापलेलं कव्हर सकाळी लॅमिनेशनला जातं आणि गडद भागावर चंदेरी ठिपके उमटतात. स्प्रे पावडर जास्त मारल्यानेही तेच होतं, म्हणून दोष लॅमिनेशनवाल्याचा की प्रेसचा यावर वाद झडतात.

कोर्स सगळं एका छताखाली धरून चालतो. इथे डीटीपी सदाशिव पेठेत, प्लेट दुसरीकडे, छपाई धायरीला, लॅमिनेशन आणि बाइंडिंग आणखी कुठे, अशी वरात असते, आणि को-ऑर्डिनेटरचं निम्मं काम या ठिकाणांच्या मधल्या रस्त्यावर असतं. त्याबद्दल अर्धा तास, तोही चहाआधीचा.

कुणी करावा? डीटीपीतून किंवा प्रकाशकाच्या ऑफिसातून या कामात येणाऱ्याने जरूर करावा. मुद्रणाचा डिप्लोमा असलेल्याला यात नवं फार थोडं आहे.

कोर्समध्ये दिलेला जॉब कार्डाचा (एका कामाची सगळी माहिती लिहायच्या कागदाचा) नमुना एका पानाचा आहे आणि रोज वापरात आहे. स्पाइनवरच्या पायरी-खुणांसाठी त्यात चौकट आहे, हे छान : जुळवणीनंतर गठ्ठ्याच्या पाठीवर खुणांचा तिरका जिना दिसतो, आणि फर्मा गळला किंवा दोनदा लागला की पायरी तुटते. मात्र तीन रकाने हाताने वाढवावे लागले : ग्रेनची दिशा, कव्हर छापून संपल्याची वेळ, आणि बाइंडरकडे प्रत्येक फर्मा किती मोजून दिला तो आकडा. हा तिसरा रकाना रिकामा ठेवून गाडी सोडू नये. नववा फर्मा 962 भरला, तर पुस्तकं 962च होणार, बाकीच्या नऊ फर्म्यांची जास्तीची शीटं रद्दीत. तो पुन्हा चढवायचा असेल, तर प्लेटा भंगारात जायच्या आत कळायला हवं.