ड्युरमची स्पॅगेटी आणि ताजे टोमॅटो: पैसे वसूल

आधीच सांगून टाकते, पास्ता घ्यायचाच असेल तर ड्युरम गव्हाचा घ्या आणि टोमॅटो चांगले लाल पिकलेले घ्या, बाकी सगळं जमून जातं. आमच्या सोलापुरात सात रस्त्याकडच्या एका दुकानात स्पॅगेटीचं, म्हणजे लांब काड्यांच्या पास्त्याचं, ५०० ग्रॅमचं इटालियन पाकीट मिळालं, साध्या पाकिटापेक्षा बरंच महाग आहे पण मला आवडलं, का ते लिहिते.

दुकानात पाकीट उलटं करून मागचं वाचाच. घटकांमध्ये फक्त ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी पाहिजे, मैदा दिसला की ठेवून द्या. इटलीत तर वाळवलेला पास्ता ड्युरमचाच हवा असा १९६७ पासून कायदा आहे. हा गहू कडक, प्रोटीन जास्त, रंग मूळचाच पिवळसर, त्यामुळे शिजल्यावर त्याचा गिच्च गोळा होत नाही. आणि आपल्याला तो परका पण नाही, आपल्या भागातला जुना बन्सी गहू म्हणजे ड्युरमच की, त्याच्या शेवया करतात. सासूबाईंनी एक काडी मोडून बघितली आणि म्हणाल्या, "ह्या शेवयाच की गं, नुसत्या जाड केल्यात." अगदी बरोबर बोलल्या.

दुसरं म्हणजे काडी हातात घेऊन बघा, ही पिठूळ, जराशी खरखरीत लागते. पितळेसारख्या धातूच्या म्हणजे ब्राँझच्या साच्यातून काढलेला पास्ता असा असतो, टेफ्लॉनच्या साच्यातला गुळगुळीत निघतो. खरखरीत काडीला रस धरून राहतो, आणि न शिजवलेल्या टोमॅटोचा पातळ रस असला की हा फरक पहिल्या घासालाच कळतो.

हो, टोमॅटो शिजवायचेच नाहीत! सोलापूरच्या मे महिन्यात गॅसपुढं उभं राहून कोण ग्रेव्ही आटवणार? दोघांना २०० ग्रॅम स्पॅगेटी पुरते, त्याला चार-पाच टोमॅटो. लक्ष्मी मार्केटमध्ये जाड सालीचे लांबट हायब्रीड पण असतात आणि गोल रसाळ आंबट गावरान पण असतात, मी दोन्ही मिसळून घेते म्हणजे गर पण येतो आणि रस पण. फ्रीजमध्ये ठेवू नका, गारठ्यानं वास मरतो. बारीक चिरायचे, मीठ, ठेचलेला लसूण, जरा लाल तिखट आणि तेल घालून झाकून ठेवायचे, पास्त्याचं पाणी उकळेपर्यंत मीठ लागून वाटीभर रस सुटतो, तोच सॉस. तेल ऑलिव्हचं असेल तर छान, नाहीतर लाकडी घाण्याचं शेंगतेल घाला, मला तर तेच जास्त आवडतं. पानं बेसिलची हवीत, तुळस नको, तिला लवंगेसारखा उग्र वास असतो. किराणा दुकानातला सरबतात घालायचा सब्जा म्हणजे बेसिलचंच बी आहे, कुंडीत टाका, उगवतं.

आता शिजवणं. १०० ग्रॅमला एक लिटर पाणी, लिटरमागे १० ग्रॅम मीठ, पाण्यात तेल अजिबात नको. पाकिटावर जेवढी मिनिटं छापली आहेत त्याच्या एक मिनिट आधी काडी चावून बघा. गॅस वाचवायचा असेल तर दोन मिनिटं खळखळ उकळून गॅस बंद करायचा आणि घट्ट झाकण ठेवून बाकीचा वेळ, वर एखाद-दोन मिनिटं जास्त, तसंच राहू द्यायचं. नोबेल मिळालेले इटलीचे शास्त्रज्ञ जॉर्जो पारिसी यांनी २०२२ मध्ये तिकडं गॅस महागला तेव्हा हाच उपाय पुढं आणला होता आणि तिथल्या काही खानसाम्यांना तो अजिबात रुचला नव्हता, पण मला चवीत काही कमी वाटलं नाही आणि किचन तापत नाही हे आमच्याकडं फार मोठं आहे ओ.

पाकिटावर जे इंग्रजीतलं स्टिकर चिकटवलंय त्यात शिजल्यावर थंड पाण्याखाली धुवा असं लिहिलंय, ते मात्र मला पटत नाही, धुतलं की वरचा स्टार्च जातो आणि रस घसरून ताटात राहतो. उलट ते उकळीचं पाणी अर्धी वाटी काढून ठेवा, गरम स्पॅगेटी टोमॅटोत टाकली की थोडं थोडं घालत जोरात हलवा, तेल आणि रस एकजीव होऊन चकाकी येते.

चीज नसलं तरी अडत नाही. दक्षिण इटलीत चीज परवडायचं नाही तिथं लोक भाजलेला पावाचा चुरा वरून टाकत आले आहेत, मी आपली कडक भाकरी चुरून टाकते, तीळ लावलेली असेल तर फारच भारी, मऊ स्पॅगेटीत मधेच कुरकुर लागते. शेंगा चटणी पण टाकून बघितली, चव चांगली पण ती टोमॅटोला बोलू देत नाही, म्हणून बाजूला वाढा, ज्याला पाहिजे तो घेईल.

लागेल तेवढीच शिजवा, ही स्पॅगेटी दुसऱ्या दिवशी डब्यात चांगली लागत नाही, टोमॅटो पाणी सोडतात. आणि त्याच दुकानात पेन्ने, म्हणजे छोट्या नळ्यांचा पास्ता, पण आहे ती यासाठी घेऊ नका, एवढा पातळ रस तिला पुरत नाही.