क्यूजीआयएसमध्ये कल्पित मुलूख : मृगापासून होळीपर्यंतच्या वापराचा अनुभव

मृगापासून होळीपर्यंत मी क्यूजीआयएसमध्ये एक अस्तित्वात नसलेला मुलूख रचतो आहे. जमिनीची झीज करायला सोबत विल्बर आहे आणि शेवटच्या रंगकामासाठी कृता. तिन्ही प्रोग्राम मोफत. क्यूजीआयएस नकाशे करण्याचा, मुळात खऱ्या जमिनीवर काम करणाऱ्यांचा, म्हणजे पाणलोटवाले, भूगर्भवाले, नगररचनावाले यांचा प्रोग्राम. अद्भुतकथेच्या नकाशासाठी तो घ्यावा का, हे मला मित्रमंडळी विचारत असतात. मुलुखाचा भूगोल वाचणाऱ्याला खरा वाटावा अशी तुमची इच्छा असेल, तर जरूर घ्या. खेळासाठी उद्या संध्याकाळपर्यंत नकाशा हवा असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. त्यासाठी वंडरड्राफ्ट आहे, ब्राउझरमध्ये चालणारं इंकार्नेट आहे. डोंगर, झाडं, घरं यांचे तयार शिक्के ठेवत गेलं की तासा-दोन तासांत देखणा नकाशा उभा राहतो.

मला मात्र शिक्क्यांचा मार्ग सोडावा लागला, कारण आमच्या कथेतला मुलूख कोकणासारखा आहे. मी आणि माझा एक मित्र मिळून मराठीत लांबलचक अद्भुतकथा लिहितो आहोत. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे जेमतेम पन्नास किलोमीटरची चिंचोळी पट्टी आणि तिला जागोजागी चिरत गेलेल्या खाड्या. तयार शिक्क्यांमधले डोंगर बहुधा टोकदार, बर्फाच्या टोपीचे असतात. सह्याद्री तसा नाही. पूर्वेकडून येणाऱ्याला तो डोंगर म्हणून जाणवतही नाही. सपाटीवरून चालत यावं आणि एकदम जमीन संपावी, असं त्याचं रूप. हा कडा नकाशात आणायचा तर चित्र पुरत नाही, प्रत्येक ठिकाणाची उंची आकड्यात असावी लागते. क्यूजीआयएस ते काम करतं.

सुरुवात कागदावर होते. मी समोच्च रेषा पेन्सिलीने काढल्या, कागद स्कॅन केला आणि जिओरेफरन्सर या साधनात त्याच्या चार कोपऱ्यांना निर्देशक, म्हणजे जागा सांगणारे आकडे, दिले. प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याची पद्धत, यूटीएम झोन ४३ उत्तर घेतलं. खरं कोकण याच झोनमध्ये येतं, पण माझं कारण साधं होतं: एकक मीटर असल्यामुळे अंतरं थेट मोजता येतात. मग रेषा गिरवून प्रत्येकीला उंची दिली आणि क्यूजीआयएसमधून वापरता येणाऱ्या ग्रास या प्रोग्रामच्या आर-सर्फ-कंटूर या साधनाने त्यांतून सलग पृष्ठभाग बनवला. बिंदू त्रिकोणांनी जोडणारं टिन इंटरपोलेशनही आहे, पण त्यातून जमीन त्रिकोणी पैलूंची दिसते, मातीची वाटत नाही.

या पायरीवर एक गोष्ट फार जपायला हवी. उंचीची फाइल विल्बरकडे पाठवताना ती १६ बिटांचीच हवी. ८ बिटांत फक्त २५६ पातळ्या मावतात. कडा १४०० मीटरचा असेल तर एकेक पायरी साडेपाच मीटरची होते. हिमालयासारख्या मुलुखात हे खपून जाईल. कोकणासारख्या किनाऱ्यावर पुळण म्हणजे वाळूचा किनारा, खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याची दलदल, भातखाचरं, माडाचं आगर हे सगळं जग शून्य ते पाच मीटरांत वसलेलं असतं, आणि ते अख्खं एका पायरीत गडप होतं. १६ बिटांत ६५,५३६ पातळ्या मिळतात, म्हणजे दोन-दोन सेंटिमीटरचा फरकही टिकतो. शिवाय विल्बरकडे जाते ती पीएनजी फाइल, आणि ती आपले निर्देशक बरोबर नेत नाही. विल्बरमधून परत आणल्यावर चारही कोपरे पुन्हा सांगावे लागतात.

विल्बर दिसायला जुनाट आहे, पण पाण्याचं काम त्याला कळतं. आधी खळगे भरून घ्यायचे, म्हणजे फिल बेसिन्स. नाहीतर नदी मधेच एखाद्या खड्ड्यात जाऊन थांबते. मग इन्साइज फ्लो, ज्याने पाणी आपल्या वाटा कोरत जातं. सगळी झीज एकदम जोरात करण्यापेक्षा खळगे भरणं आणि कोरणं हळू हात ठेवून आलटून पालटून केलं, तर दऱ्या नैसर्गिक दिसतात.

आता या सगळ्या खटाटोपातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट सांगतो. किनाऱ्याची रेघ हाताने काढायचीच नाही. बहुतेक जण नकाशाची सुरुवात किनाऱ्यापासून करतात. नागमोडी रेघ काढायची, तिच्या आत डोंगर ठेवायचे आणि शेवटी डोंगरापासून समुद्रापर्यंत नद्या ओढायच्या. कोकणच्या खाड्या तशा घडलेल्या नाहीत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. नद्यांनी तेव्हा आपली खोरी कोरली. पुढे बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि खोऱ्यांची खालची टोकं बुडाली. वाघोटन, शास्त्री, वाशिष्ठी, सावित्री या नद्यांची मुखं अशी लांब आत शिरलेली आहेत ती त्यामुळे.

नकाशातही हेच करता येतं. समुद्र मुद्दाम दूर ठेवायचा, नद्यांना पुरतं कोरू द्यायचं आणि मग रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये, म्हणजे उंचीच्या जाळीवर गणितं करणाऱ्या साधनात, सगळ्या मुलुखाच्या उंचीतून ठरावीक मीटर वजा करायचे. शून्याखाली गेलं ते पाणी. माझ्या मुलुखात वीस मीटर वजा केल्यावर खाड्या आखूड राहतात. चाळीसला समुद्र थेट घाटाच्या पायथ्याशी जातो आणि सडे, म्हणजे जांभ्याची सपाट पठारं, बेटांसारखे सुटे पडतात. तिसाच्या आसपास जे दिसलं ते पाहून मी अक्षरशः खुर्चीवरून उठलो. दुफाटा फुटलेल्या खाड्या, दोन खाड्यांमधली पुढे आलेली टेकाडं, आडोशाची छोटी आखातं. यातली एकही रेघ मी काढलेली नव्हती आणि तरीही तो विजयदुर्ग ते जैतापूरच्या मधला किनारा असावा तसा वाटत होता.

सड्याने मात्र खूप वेळ खाल्ला. देवगडहून विजयदुर्गाकडे जाताना रस्ता मैलोन्मैल सपाट जांभ्यावरून धावतो आणि मग एकाएकी खाली उतरतो; खाली व्हाळ, वाडी, माड. झिजेचं साधन ही सपाटी ठेवतच नाही, सगळीकडे धारदार कणे काढतं. उपाय असा सापडला: झिजेच्या आधी किनाऱ्याकडच्या भागात ठरावीक उंचीच्या वरचं सगळं त्या उंचीवर कापायचं, कापलेल्या माथ्याला किंचित उतार द्यायचा आणि मगच हलकी झीज करायची. कापणी घाटाजवळ पोचू नये म्हणून कुठे कापायचं आणि कुठे नाही ते सांगणारा वेगळा मुखवटा थर लागतो. सड्याच्या कडा नीट आल्या तेव्हा कथेतल्या कातळचित्रांनाही जागा मिळाली. बारसू, कशेळी, उक्षी इथली कातळशिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि ज्याने तो कातळ पायाखाली अनुभवला आहे त्याला ती डोंगरउतारावर ठेवलेली पटणार नाहीत.

लाटांचं काम या प्रोग्रामांना येत नाही. नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा वाढत जातो, कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधे देवबागची पट्टी उभी आहे तशी, ते हातानेच काढायला लागतं. गाळाचंही तेच. समुद्र चढवल्यावर मिळालेल्या खाड्या फार स्वच्छ आणि खोल असतात. मी एक मसुदा छापून घेतला होता, तो शेजारच्या तात्यांनी पाहिला. त्यांचा जन्म होडीवर गेलेला. खाडीच्या मध्यावर, वळणाच्या आतल्या अंगाला मी बंदर दाखवलं होतं, तिथे बोट ठेवून ते म्हणाले, "झिला, हयसर बंदर कसां चलात? पावसाचो गाळ सगळो हयच बसतलो."

"मग खंय घालू, तात्यानू?"

"वर, भरती जंय थांबता थंय. नायतर तोंडार, गडाच्या आडोशाक."

कोकणच्या जुन्या पेठा आठवून बघा: खारेपाटण, राजापूर, संगमेश्वर, चिपळूण, महाड. सगळ्या खाडीच्या वरच्या अंगाला, जिथे गलबताची वाट संपायची आणि घाट चढणाऱ्या बैलांची सुरू व्हायची. आणि मुखाशी पहारा: विजयदुर्ग, पूर्णगड, जयगड, गोपाळगड. हा नियम लावल्यावर गावं कुठे बसवायची याची चर्चाच आमच्यात उरली नाही. गाळासाठी मी खाड्यांच्या वरच्या टोकांना शून्याखालचा उथळ भाग निवडून त्याचं खाजण केलं आणि त्याच्या कडेने कांदळवन रंगवलं.

घाटवाटांसाठी ग्रासचं आर-वॉक वापरलं. चालणाऱ्याला चढउतारावर किती वेळ लागेल याचा हिशोब ते नेस्मिथच्या १८९२च्या नियमाला धरून करतं. पेठेपासून पठारावरच्या राजधानीपर्यंतची सर्वांत कमी कष्टाची वाट त्यातून काढली. ती कड्याच्या एका खाचेतून गेली, आणि कथेतली लढाई आम्ही त्या खाचेत हलवली. दूत किती दिवसांत पोचेल यावर मित्राशी जे वाद व्हायचे त्यांना आता आधार आहे. असा उपयोग चित्राच्या नकाशाचा होऊ शकत नाही, आणि माझ्या लेखी क्यूजीआयएस घेण्याचं हे एकटंही कारण पुरेसं आहे.

पावसाचा थर मी ढोबळच केला. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि जवळच पूर्वेला असलेल्या वाईत १००० मिलिमीटरच्याही आत, हा फरक नजरेसमोर ठेवून कड्याच्या पूर्वेला झपाट्याने रंग सुकवत नेला. नद्यांचंही तसंच. कृष्णा अरबी समुद्रापासून अवघ्या ६४ किलोमीटरवर उगवते आणि जाते बंगालच्या उपसागराला. पठाराला पूर्वेकडे हलका उतार दिला की कल्पित नद्याही आपसूक असंच वागतात.

खऱ्या कोकणाची उंची अभ्यासायला एसआरटीएमची माहिती मोफत मिळते. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर यानातून रडारने ती गोळा केली गेली. घाट आणि सडे समजायला ३० मीटरची ती जाळी उत्तम. पण किनाऱ्यावर तिच्यावर विसंबू नये. रडारला झाडांचे शेंडे दिसतात, त्यामुळे पुळणीमागचं माडाचं आगर टेकाडासारखं उठून येतं.

उजेडाबद्दल थोडं. हिलशेडचा, म्हणजे उजेड-सावलीने जमिनीचा उठाव दाखवणारा, थर मुळात ३१५ अंशांवरून, म्हणजे वायव्येकडून उजेड टाकतो. कोकणासारख्या मुलुखात पश्चिमेकडे तोंड असलेला कडा त्यामुळे उजळतो आणि त्याचा दरारा नाहीसा होतो. उजेड पूर्वेकडून टाकला तर डोळा फसू शकतो, दऱ्या डोंगरासारख्या दिसू लागतात. म्हणून मी एकाच वेळी अनेक दिशांनी उजेड टाकणारा बहुदिशी हिलशेड निवडतो आणि त्यावर उताराचा थर मल्टिप्लाय करून, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या मिसळीने, अगदी फिका चढवतो. कडा लगेच गडद होतो.

नावं देवनागरीत लिहायची होती, आणि इथे क्यूजीआयएसने मला जिंकलं. पूर्वी विकत घेतलेल्या एका प्रोग्राममध्ये जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटायची. "खिंड" लिहिता येत नसेल तर मराठी माणसाने त्या नकाशाचं काय करायचं? क्यूजीआयएसमध्ये अक्षरं नीट जुळतात. एवढंच पाळावं की मोठ्या प्रदेशाचं नाव पसरवण्यासाठी अक्षरांमधलं अंतर वाढवू नये. रोमन लिपीत ती पद्धत शोभते, देवनागरीत शिरोरेखा तुटते. त्याऐवजी टाइप मोठा आणि रंग फिका ठेवावा. गावांना तिरो देवनागरी मराठी हा टाइप सुरेख दिसतो. त्यातले ल आणि श आपल्या वळणाचे आहेत.

त्रासाच्या बाजूही आहेत. पडद्यावर इतकी बटणं असतात की नवख्याला पहिले काही आठवडे जड जातात. रास्टरवर, म्हणजे आकड्यांच्या जाळीवर, केलेली क्रिया मागे घेता येत नाही. दर वेळी नवी फाइल तयार होते, त्यामुळे फाइलींना क्रमांक आणि अर्थपूर्ण नावं देण्याची शिस्त लागते. उतरवून घ्यायची फाइल भली मोठी आहे. पण एकदा बसवल्यावर इंटरनेटची गरज नाही, आणि आषाढात गावाकडे रेंज किती टिकते हे ज्याला माहीत आहे त्याला याची किंमत सांगायला नको. वीज जाते म्हणून लॅपटॉप वापरावा आणि मोठी गणितं चार्जिंग पूर्ण असतानाच लावावीत.

शेवटचं रंगकाम कृतामध्ये. ए-टू कागद ३०० डीपीआयला घेतला की चित्र ४९६१ बाय ७०१६ पिक्सेलचं होतं आणि ८ बिटांतला एकेक थर सुमारे १४० एमबी मेमरी व्यापतो. आठ जीबीच्या मशीनवर मोजकेच थर ठेवा. सोळा असतील तर मोकळेपणाने काम करता येतं. लाटांच्या रेघा, माडांचे शेंडे, गलबतं आणि गडांचे बुरूज मी हाताने काढतो, कारण आकड्यांतून आलेल्या जमिनीवर माणसाचा हात फिरल्याशिवाय ती कथेची होत नाही.

शिकायचा क्रम विचाराल तर आधी हिलशेड आणि रंगपट्टी, मग समोच्च रेषांपासून पृष्ठभाग, त्यानंतर विल्बर. आर-वॉक आणि प्रिंट लेआउट सर्वांत शेवटी.