ई-मेल ग्रुप सोडून फोरमवर: काही महिन्यांनंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. ज्या ग्रुपमध्ये तेच प्रश्न वर्षानुवर्षं फिरून येतात, त्याने फोरमवर, म्हणजे चर्चेच्या संकेतस्थळावर, जावं. मात्र ई-मेलनेच उत्तर द्यायची सोय ठेवणार नसाल तर जाऊ नका, निम्मी जाणती माणसं वाटेतच गळतील.

आमचा ग्रुप गोव्यातली देवळं, जत्रा आणि कुळं यांत रमणाऱ्यांचा. फोंडा, म्हापसा, डिचोलीतले लोक, शिवाय मुंबई, कारवार, बेळगावचे कुळावी (इथल्या देवस्थानांशी कुळाने बांधलेली कुटुंबं) आणि काही आखातात नोकरीला असलेले. ठरलेला प्रश्न असा: "आमचं कुलदैवत मंगेशी, मग आमचं मूळ गाव प्रियोळ का?" तो आला की कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली गोव्यातल्या साष्टी भागातली देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा मंगेश कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. कधीकाळी कुणी यावर तब्येतीत लिहिलेलं असायचं, पण ते कुठल्या तरी इनबॉक्सच्या तळाशी. नवं उत्तर घाईत लिहिलेलं, हमखास त्याहून पातळ. आता तो एकच धागा, म्हणजे त्या विषयाची सलग चर्चा, वर टाचून ठेवलाय. विचारणाऱ्याला दुवा द्यायचा आणि त्याला काही नवं ठाऊक असेल तर त्याने तिथेच भर घालायची. एवढ्या एका गोष्टीसाठी सगळी उलाढाल वसूल झाली असं मी म्हणेन.

सॉफ्टवेअर घेतलं डिस्कोर्स. मुक्त स्रोत आहे, 2013 मध्ये आलं. पायथन भाषेच्या विकसकांनी 2022 मध्ये आपली मुख्य चर्चा मेलिंग लिस्टवरून, म्हणजे ई-मेल ग्रुपवरून, यावरच आणली. उलट लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याचं, काम आजही ई-मेलवर चालतं आणि त्यांचं काही अडत नाही. तिथे मेलमधूनच कोडचे तुकडे पाठवतात, तपासतात. कोण काय काम करतं यावर हे ठरतं, जुनं-नवं यावर नाही.

यात मेलिंग लिस्ट मोड आहे. तो चालू केला की प्रत्येक पोस्ट मेलने येते, रिप्लाय दाबून लिहिलेलं थेट धाग्यात जातं. आमचे वयाने सत्तरीतले एक काका अजून एकदाही लॉगिन झालेले नाहीत, तरी सर्वांत जास्त मजकूर त्यांचाच. पावसात वीज आणि रेंज दोन्ही जातात तेव्हा आधीच उतरलेले मेल वाचता येतात. फोरमचं पान तेव्हा उघडत नाही.

मूळ सेटिंग्ज मात्र जशाच्या तशा ठेवू नका. पोस्टला किमान 20 अक्षरं लागतात, त्यामुळे "होय काका" एवढं उत्तर परत येतं. नव्या सदस्याला एका पोस्टमध्ये एकच चित्र टाकता येतं; थोडं वाचन झालं की मर्यादा आपोआप सैल होते. जाहिरातबाजांना रोखायला हे ठीक, पण चवथीला माटोळीतल्या (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीतल्या) रानफळांचे फोटो धडाधड येतात तेव्हा हे कसं चालायचं? आम्ही दोन्ही आकडे बदलले.

शोध हे दुखणं आहे आणि त्यातलं बरंचसं आपल्या भाषेचं. "देऊळ" शोधलं की "देवळात" सापडत नाही. जुने मेल आयात केले त्यांतले कित्येक रोमन लिपीतल्या मराठीत, काही युनिकोडपूर्व फॉन्टमधले. ते तर निव्वळ चिन्हांचा कचरा दिसतात. दोघे-तिघे बसून महत्त्वाच्या धाग्यांना देवनागरीत शीर्षक आणि टॅग देताहेत. कंटाळवाणं काम आहे, पण त्याशिवाय आयात केल्याचा उपयोग नाही.

मेल पोचवण्याची बाजू तुलनेने सोपी झाली. एप्रिल 2014 मध्ये याहूने डीमार्कचा (मेल खरंच त्याच पत्त्यावरून आला का, हे तपासण्याचा) नियम कडक केला, तेव्हापासून मेलिंग लिस्टची पंचाईत होते. लिस्ट पाठवणाऱ्याच्या नावाने मेल पुढे धाडते, विषयात किंवा तळाशी काहीतरी जोडते, मग मेलवरची डिजिटल सही जुळत नाही आणि समोरचा सर्व्हर तो नाकारतो. फोरम स्वतःच्या पत्त्यावरून मेल पाठवतो, म्हणून ही कटकट नाही. मेल आपलाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम वगैरे नोंदी तेवढ्या नीट करून घ्या.

एक गोष्ट गेली ती गेलीच. पूर्वी दाद द्यायला दोन ओळी लिहाव्या लागत आणि त्या लिहिता लिहिता माणूस आपल्या वाड्यावरच्या जत्रेची एखादी रीत सांगून जायचा. आता बदाम (लाइकचं बटण) दाबला की मोकळे! मी बदाम बंद करायचं सुचवलं होतं, तरुण मंडळींनी हाणून पाडलं.

खर्च फार नाही. एक जीबी मेमरीचा छोटा सर्व्हर पुरतो, पैसे वर्गणीतून निघतात. याहू ग्रुप्स डिसेंबर 2020 मध्ये कायमचे बंद झाले, लोकांचे जुने संदेश तर वर्षभर आधीच काढून टाकले होते. त्यामुळे आमचा बॅकअप रोज दुसऱ्या एका सदस्याच्या घरच्या संगणकावर उतरतो. सर्व्हर सांभाळणारा दुसरा माणूस मात्र अजून मिळालेला नाही. त्यासाठी माणूस हवा म्हणून काढलेल्या धाग्यावर बदाम भरपूर पडलेत, नाव एकाचंही नाही.